येतेजाते दुखणे

आमच्या दिवाणखान्यातला पंखा गेली दोन वर्षे आजारी आहे. रात्री घरात निजानीज झाली, की तो 'टक् टक् टक्' असा आवाज करू लागतो. कधी पाच मिनिटे, कधी तासभर. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन येतो, शिडी लावतो, बटण दाबतो आणि पंखा नव्या जावयासारखा अदबीने फिरू लागतो. इलेक्ट्रिशियन माझ्याकडे पाहतो. त्या पाहण्यात सहानुभूती असते, पण ती पंख्याविषयी नसते. 'बाईंना अलीकडे झोप लागत नसावी,' एवढा अर्थ मी त्यातून काढते आणि मुकाट्याने त्याचे पैसे देते.

दंतवैद्याच्या पायऱ्या चढताच ठणका थांबणे, मेकॅनिकच्या दारात स्कूटर पहिल्या किकला सुरू होणे, हे अनुभव कुणाला नाहीत? जे दुखणे ठाण मांडून बसते, त्याची निदान अब्रू तरी शाबूत असते. येणारेजाणारे दुखणे मात्र स्वतः नामानिराळे राहते आणि ज्याला ते होते त्यालाच खोटे पाडते. माझ्या आजीच्या तोंडी हिवतापाला 'एकांतरा' असे नाव होते. एक दिवस ताप, एक दिवस माणूस खडखडीत. आणि वैद्यबुवा, आजी सांगे, हटकून खडखडीत दिवशी यायचे.

माझा धाकटा भाऊ अशा येत्याजात्या दुखण्यांवरच पोट भरतो. तो डॉक्टर नव्हे, इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर आहे. कारखान्यातली यंत्रे एकमेकांशी बोलत असतात. ते बोलणे मधूनमधून तुटते. ते का तुटते हे शोधून काढण्यासाठी त्याला बोलावतात. कायमचे तुटले तर बोलावत नाहीत, कारण ते तिथल्या तिथे सापडते. "सापडत नाही म्हणून माझं घर चालतं, ताई," असे तो म्हणतो.

यंत्रे बोलतात म्हणजे काय करतात, हे त्याने मला एकदा माझ्याच धंद्याच्या भाषेत समजावून दिले होते. "तू वर्गात हजेरी घेतेस ना? अगदी तसंच." कंट्रोल रूममध्ये एक मुख्य यंत्र असते, त्याला पीएलसी म्हणतात. कारखानाभर पसरलेली मापके, कुणी रसाचा प्रवाह मोजणारे, कुणी टाकीतली पातळी, कुणी उष्णता, ही त्याची विद्यार्थीमंडळी. प्रत्येकाला रोल नंबर. मुख्य यंत्र पुकारते, "सात नंबर, तुझा आकडा सांग." सात नंबर सांगतो. मग आठ. विचारल्याशिवाय कुणी बोलायचे नाही, आणि दोघांनी एकदम तर मुळीच नाही. या शिस्तीला 'मॉडबस' म्हणतात. १९७९ साली मॉडिकॉन नावाच्या अमेरिकन कंपनीने ती घालून दिली आणि अजून जगभरच्या कारखान्यांत ती चालू आहे. (माझ्या वर्गात ती एक दिवसही चाललेली नाही.) प्रत्येक उत्तराच्या शेपटाला ताळ्याचा आकडा जोडलेला असतो. ताळा जमला नाही, की मुख्य यंत्र ते उत्तर फेकून देते आणि पुन्हा पुकारते.

हे सारे संभाषण चालते दोन तारांवरून. एकमेकींना पीळ घातलेल्या या दोन तारा बाराशे मीटरपर्यंत निरोप नेऊ शकतात. त्यातली युक्ती मला फार आवडली. निरोप एका तारेत नसतो. दोन तारांमधल्या विजेच्या दाबाच्या फरकात असतो. बाहेरचा गोंगाट आदळला तर तो दोघींवर सारखाच आदळतो, त्यामुळे फरक तसाच राहतो. घड्याळाच्या सेलमध्ये असतो त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा फरक उरला, तरी ऐकणाऱ्याला तो पुरतो. दोघी सख्ख्या जावांनी सासूची बोलणी निम्मी निम्मी वाटून घ्यावीत, तसा हा प्रकार आहे.

हे एवढे पुराण सांगण्याचे कारण २०२३ सालची भाऊबीज.

पाट मांडला होता, ताटात निरांजन तयार होते, आणि भावाचा फोन वाजला. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने तीन तासांवरचा एक साखर कारखाना. गळीत हंगाम सुरू होऊन जेमतेम बारा दिवस झालेले. रस शुद्ध करण्याच्या विभागातले एक मापक मधूनमधून बोलेनासे होत होते. "सकाळपर्यंत येतो, ताई. ताट झाकून ठेव," असे म्हणून भाऊ उठला. आधल्या दोन रात्री तो असाच कुठेतरी जागला होता. डोळे लाल झाले होते. आमच्या घरधन्यांनी पेपरातून डोके वर न काढता सुचवले, "हिला बरोबर घेऊन जा. ही बोलायला लागली की गाडीत कुणाला झोप येत नाही." टोमणा होता, पण मी साडी बदलून तयार झाले.

रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर भेटत होते, प्रत्येकाच्या मागे दोन दोन ट्रॉल्या. कारखाना दिसण्याआधी त्याचा वास येतो. गुऱ्हाळाचा गोड वास, त्यात मळीचा आंबूस आणि गंधकाचा तिखट वास. फाटकावरच्या वहीत माझ्या नावापुढे 'कामाचे स्वरूप' असा रकाना होता. भावाने लिहिले, 'सहायक'. एम.ए.ला पहिला वर्ग मिळवल्यानंतर इतक्या वर्षांनी ही बढती मिळाली.

कंट्रोल रूममध्ये दोघे-तिघे अधिकारी वाट पाहत होते. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. उसाच्या रसात चुन्याचे पाणी आणि गंधकाचा धूर सोडून तो शुद्ध करतात. हे प्रमाण फार नाजूक असते. रस आंबट झाला तर त्यातली साखरच फुटून वाया जाते. चुना जास्त झाला तर रस काळवंडतो आणि साखरेचा रंग उतरतो. म्हणून पीएचचे मापक क्षणोक्षणी रस तपासते, मुख्य यंत्राला आकडा सांगते आणि त्या आकड्यावरून चुना कमीजास्त होतो. सात, सव्वासात असा आकडा राहिला की सारे आलबेल. हंगामाच्या दुसऱ्याच दिवशी रात्रपाळीच्या कामगाराने तक्रार केली, की पडद्यावरचा आकडा खोटा आहे. त्याने चुना आपल्या हाती घेतला, म्हणजे स्वयंचलित यंत्रणा बंद करून व्हॉल्व्ह हाताने फिरवला. पुन्हा तिसऱ्या दिवशी तेच. इन्स्ट्रुमेंट विभागाने मापक बदलले. एक दिवस ठीक गेला. मग पुन्हा. जोडण्या नव्या केल्या, मुख्य यंत्र बंद करून सुरू केले. दर उपायानंतर एक दिवस बरे, की पुन्हा तेच रडगाणे.

"आणि गंमत ऐका," केमिस्टसाहेब म्हणाले. "बाकीच्या दोन पाळ्यांत एकही तक्रार नाही. तो आठ ते चारला होता तेव्हा बिघाड आठ ते चारमध्ये. पाळी बदलून तो बारा ते आठला आला, तर बिघाडही बारा ते आठमध्ये आला! आम्ही काय समजायचं?"

ते जे समजले होते ते कागदावर उतरले होते. कामगाराला खुलासा मागणारी नोटीस गेली होती. रस दोनदा बिघडल्याचा ठपका त्याच्यावर होता. त्याला त्या जागेवरून काढून गव्हाणीवर, म्हणजे ऊस पडतो तिथे, उभे केले होते. गडी हंगामी होता. हंगामी कामगाराला पुढल्या वर्षी बोलावणे येते किंवा येत नाही. त्याला नोकरीवरून काढावेही लागत नाही.

पुरावा म्हणून त्याची वही जप्त केलेली होती. कारखान्याच्या लॉगबुकात शेऱ्याचा रकाना दोन बोटे रुंद, म्हणून या गृहस्थाने स्वतःच्या पैशाने शंभर पानी वही घेऊन तीत नोंदी केल्या होत्या. "वाचा," साहेब म्हणाले. "प्रत्येक वेळी पाच मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं, पाच मिनिटं. खरा बिघाड असा घड्याळ लावून येतो का? आणि जिथे जिथे बिघाड, तिथे पुढे 'म.' लिहिलंय. म्हणजे मॅन्युअल. आधी स्वतःच मॅन्युअलवर घ्यायचं आणि मग ओरडायचं."

भावाने कशालाही हात लावला नाही. हा त्याचा पहिला नियम. सैल झालेली तार नुसत्या हाताच्या धक्क्याने बसते, बिघाड जातो, आणि आपण काय केले म्हणून गेला ते कधीच कळत नाही. मग तो चार दिवसांनी दुसऱ्याच्या पाळीत परततो. एखादी वस्तू बदलली आणि बिघाड थांबला, यावरून ती वस्तू वाईट होती असे सिद्ध होत नाही. येत्याजात्या दुखण्यात प्रत्येक औषध गुणकारीच ठरते. भाऊ खुर्ची ओढून बसला आणि त्याने विचारले, "उन्हाळ्यात, कारखाना बंद असताना, इथे नवीन काय बसवलंत?" त्याची यादी निघू लागली. तेवढ्यात वही माझ्याकडे सरकवून तो म्हणाला, "मराठी आहे. तुझं खातं."

मी वही उघडली, आणि खरे सांगते, पहिल्या दोन पानांत माझे मतही साहेबांसारखेच झाले. पाच, पाच, दहा, पाच. परीक्षेच्या हॉलमध्ये पंचवीस वर्षे पहारा केलेल्या बाईला बनावट अशी चटकन दिसते. पण अक्षर वळणदार होते आणि भाषा मजेदार होती. '२.४७ आकडा मेला. २.५२ उठला. कागद ६.४.' पुढे, '३.२१ मेला. ३.२६ उठला. हा.' असेच पानभर. 'आकडा मेला' हा प्रयोग मी कुठल्याही कोशात पाहिलेला नाही. मी पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

हस्तलिखिते वाचताना आम्हांला एक सवय लावलेली असते. लेखकाने खोडसाळपणा केला आहे असे म्हणण्यापूर्वी त्याच्या खुणा त्याच्याच लेखनातून लावून पाहायच्या. या वहीत दोन खुणा होत्या: 'हा.' आणि 'म.'. 'हा.' जिथे होती तिथे पुढे बहुधा लिहिलेले असे, 'चुना कमी केला', 'चुना वाढवला'. म्हणजे 'हा.' म्हणजे हाताने. मग मॅन्युअलसाठी दुसरी खूण कशाला? शिवाय चार-पाच ठिकाणी नुसतेच होते, '१.१० म. काही नाही.' यंत्रणा आपल्या हाती घेतली आणि काही झाले नाही, अशी नोंद कोण कशाला करील?

आणि मग त्या पाचाच्या पाढ्याचे कोडे. खोटे लिहिणारा माणूस वेळा गोळाबेरीज करून लिहितो. पावणेतीन, दहा वाजून वीस मिनिटे. याच्या वेळा होत्या २.४७, ३.२१, ९.३८. वेळा वेड्यावाकड्या आणि अंतर तेवढे नेमके पाचाचे. मनाने रचणाऱ्याकडून नेमके याच्या उलट झाले असते.

मी हे भावाच्या कानावर घातले. तो यादी करता करता थांबला. "पाच? नेहमी पाच?" त्याने लॅपटॉप पुढे ओढला आणि मुख्य यंत्राचा कार्यक्रम उलगडला. दोन मिनिटांनी त्याने मला एक ओळ दाखवली. तीन हाकांना ओ मिळाली नाही, तर त्या रोल नंबराला वगळायचे आणि पुन्हा पुकारायचे ते पाच मिनिटांनी. त्यालाही ओ मिळाली नाही तर आणखी पाच मिनिटे. ही मुदत कुणीतरी केव्हातरी भरून ठेवली होती आणि विसरून गेले होते. कामगाराच्या वहीत मात्र ती रोज उमटत होती.

मी विचारले, "पण गैरहजेरी पडद्यावर दिसायला नको का?"

"दिसायला हवी. पण इथे शेवटचा आकडा तसाच धरून ठेवलाय. आणि बोलणं तुटल्याची घंटा मागच्या हंगामात फार वाजते म्हणून बंद केलीय."

थोडक्यात, प्रॉक्सी! मुलगा वर्गात नाही आणि पटावर हजर. पाच मिनिटे पडद्यावर ७.१ असा आकडा छानपैकी झळकत राहायचा, खाली रस आंबट होत असायचा, आणि यंत्र त्या जुन्या आकड्यावर विसंबून चुना सोडत राहायचे. भावाने मागच्या बारा दिवसांचा आलेख काढला. पीएचची रेघ जिवंत असते तेव्हा ती थरथरते. एका ठिकाणी ठरत नाही. त्या थरथरत्या रेघेत मधूनमधून पट्टी लावून आखल्यासारखे तुकडे होते. ते मोजले. वहीतला प्रत्येक 'मेला' तिथे मिनिटासकट सापडला. आणि वहीत नसलेलेही सापडले. सकाळच्या पाळीत, दुपारच्या पाळीत, तो माणूस घरी झोपलेला असताना. बिघाड त्याच्या मागून पाळ्या बदलत नव्हता. तो सगळ्याच पाळ्यांत होता; फक्त लिहिणारा एकच होता.

साहेब बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. त्यांना मी दोष देत नाही. सरळ रेघ दिसली की माणसाला बरे वाटते.

मला मात्र त्या क्षणी आमची आई आठवली. २०१७ साली ती मधूनच म्हणे, "अगं, डोळ्यांपुढे काळोख आला आणि गेला." आम्ही दोनदा डॉक्टरांकडे नेले. कार्डिओग्राम उत्तम आला. मी तिला म्हटले होते, "आई, तू उगाच मनाला लावून घेतेस." त्यानंतर तिने बोलणे सोडले, भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती बारीक फुल्या करू लागली. त्या फुल्या मला दुधाच्या हिशेबाच्या वाटल्या. पुढे स्वयंपाकघरात पडून मनगट मोडले, तेव्हा कुणीतरी चोवीस तास हृदयाची नोंद करणारे होल्टर यंत्र लावून पाहिले. तीत हृदय अधूनमधून काही सेकंद थांबत असल्याचे निघाले. पेसमेकर बसला, आई आणखी तीन वर्षे जगली. भावाने कॅलेंडराची ती पाने जपून ठेवली आहेत. त्याने मला त्याबद्दल एका शब्दाने कधी विचारले नाही.

"त्यांना बोलवा," भाऊ म्हणाला.

गव्हाणीवरून मामा आले. सारा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. पन्नाशीचे, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला आणि अंगभर उसाची धूळ. दारातच उभे राहिले. भावाने खुर्ची दिली ती त्यांनी घेतली नाही.

"मामा, हे म. म्हणजे काय हो?" मी विचारले.

"म म्हंजी मळी, बाई. मळीचा पंप. त्यो सुरू झाला की बारीक शिटीवानी वाजतो, हितं खिडकीतनं ऐकू येतंय. आकडा मरतो तवा पंप चालूच असतो. पर पंप चालू असला की आकडा मरतोच, असं न्हाई. म्हनून दोन्ही लिवलं."

तर्कशास्त्राचे अध्यापक हा भेद समजावून देण्यास एक तास घेतात. आणि या नोंदीतले 'काही नाही' हेच मला सर्वांत थोर वाटले. न घडलेली गोष्ट लिहून ठेवणे विद्वानांनाही जमत नाही.

"आकडा मेला हे तुम्हांला कसं कळायचं?"

"हलंना झाला की मेला. जितं असंल त्ये हलतंय की. मंग कागद बुडवून बघायचा."

केमिस्टसाहेबांनी हळूच विचारले, "मामा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"इचारलं कुटं, साहेब? म म्हंजी काय, कुनी इचारलंच न्हाई."

मळीच्या पंपाला उन्हाळ्यातच नवे व्हीएफडी बसवले होते. मोटरचा वेग कमीजास्त करणारे हे यंत्र विजेचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे करते, आणि त्या तुकड्यांचा गोंगाट आसपासच्या तारांत शिरतो. भावाने पंप चालू करायला सांगितला. आम्ही सारे पडद्याला डोळे लावून बसलो. काहीही झाले नाही! आकडा मजेत हलत होता. पाहुणे आले की शहाण्यासारखे वागायचे, ही आमच्या पंख्याचीच जात. इन्स्ट्रुमेंटचा तरुण इंजिनिअर ओशाळून हसला. भावाने मात्र पडद्याकडे पाहिलेही नव्हते. तो लॅपटॉपवर दुसराच एक हिशेब पाहत होता. पंप बंद असताना शंभर हाकांपैकी एकही उत्तर ताळ्यात चुकत नव्हते. पंप सुरू होताच शंभरात सात-आठ चुकू लागले. एरवी पुन्हा पुकारल्यावर काम भागत असे, म्हणून वरून काही दिसत नसे. पण लागोपाठ तीन उत्तरे चुकण्याचा योग आला, की आकडा मेला. दुखणे येतेजाते नव्हतेच. ते पंपाबरोबर सतत होते. येतजात होते ते त्याचे दर्शन.

पण गोंगाट सोसण्यासाठीच तर त्या दोन तारांचा पीळ असतो. मग त्या हरल्या का? हे पाहायला ती वाट अर्धा तास बंद करावी लागणार होती, आणि तेवढा वेळ रस कुणाच्या भरवशावर सोडायचा? केमिस्टसाहेबांनी मामांकडे पाहिले. मामा काही न बोलता रसाच्या टाकीकडे गेले, खिशातून कागदाची पट्टी काढली आणि व्हॉल्व्हवर हात ठेवून उभे राहिले.

तारांच्या दोन टोकांना एकेक रोधक लावायचा असतो, १२० ओहमचा. नाहीतर निरोप टोकावर आपटून घुमटातल्या आवाजासारखा परत फिरतो. दोन रोधक मिळून मोजले की साठ भरायला हवेत. भावाने मीटर लावला. चाळीस.

"तिसरा कुठेतरी आहे," तो म्हणाला, आणि त्या रात्री पहिल्यांदा हसला. रोधक तीन झाले की निरोपाचा आवाजच खाली बसतो. एका गाडीला तीन बैलांचे ओझे म्हणा ना. तिसरा सापडायला वीस मिनिटे लागली. वाटेतच नव्याने जोडलेल्या एका प्रवाहमापकाच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढे बटण होते, ते कारखान्यातून येतानाच 'चालू' होते. शिवाय तारांवरचे जाळीचे आवरण एकाच टोकाला जमिनीला जोडायचे असते, ते दोन्ही टोकांना जोडले होते; आणि ही सारी वाट मळीच्या पंपाच्या जाडजूड केबलला चिकटून चाळीस फूट एकाच ट्रेमधून गेली होती. एकेक चूक पोटात घातली गेली असती. तिन्ही मिळून भारी पडल्या. बटण बंद झाले, आवरणाचे एक टोक सोडवले, केबल वेगळ्या वाटेने टांगली. मग पंप तासभर चालवला. हजारो हाका गेल्या. एकही उत्तर चुकले नाही. बंद केलेली घंटा पुन्हा चालू केली आणि आकडा मेला तर तो पडद्यावर लाल दिसेल अशी सोय केली.

पहाटेचे पाच वाजले होते. चहा आला. साहेब मोकळेपणाने म्हणाले, "मामा, उद्यापासून परत आपल्या जागेवर या. नोटिशीचं मनावर घेऊ नका. विषय संपला."

मामांनी कप खाली ठेवला. "साहेब, नोटीस लिवून आलीया. विषय संपला ते बी लिवून द्या."

खोलीत एकदम शांतता पसरली. लेबर ऑफिसर सुट्टीवर आहेत, दिवाळी झाली की बघू, फाइल बंद करून टाकू, असे काहीबाही निघाले. मामा "व्हय जी," म्हणत राहिले आणि उभेच राहिले. शेवटी भावाने आपल्या कामाच्या अहवालाचा कागद काढला. असे अहवाल तो इंग्रजीत लिहितो. त्या दिवशी त्याने पेन माझ्या हाती दिले. मी लिहिले की बिघाड तिन्ही पाळ्यांत होता, त्याची कारणे अमुक तीन, आणि तो सदर कामगाराने स्वतःच्या वहीत केलेल्या नोंदींमुळेच सापडला. सर्व नोंदी आलेखाशी ताडून पाहिल्या, त्या बरोबर आहेत. मामांनी ते दोनदा वाचले. "हंगामी लिवा," म्हणाले. "सदर हंगामी कामगार." मी ते घातले. केमिस्टसाहेबांनी खाली सही केली, आणि हे सांगितलेच पाहिजे, की सही करताना ते थांबले नाहीत. नोटीस मागे घेतल्याचे पत्र मात्र निघायला फेब्रुवारी उजाडला.

घरी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. निरांजनातले तूप थिजले होते. मी भावाला ओवाळले, आणि तो पाटावरच बसल्या बसल्या झोपला.

२०२४ च्या हंगामाला मामांना बोलावणे आले. भावाला तिथून फोन करताना त्यांनी माझी आठवण काढली. शंभर पानी वही पुरत नाही, तालुक्याला दोनशे पानी चांगल्या कागदाची मिळत नाही, असे बोलता बोलता म्हणाले. मी अप्पा बळवंत चौकातून दोन वह्या घेऊन पोस्टाने पाठवल्या. त्याची पोच अजून आलेली नाही. मधूनमधून मी फोन करून पाहते. कधी लागतो, कधी लागत नाही.